फोनच्या बदल्यात घंगाळ

"जुना फोन, फुटका फोन, बंद पडलेला फोन द्या, घंगाळ न्या, सुरी न्या!" तीनचाकीवर बांधलेला भोंगा शितांग गावचा चढ चढून आला, तेव्हा यिनह्वा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. एरवी त्या भोंग्यानं तिचं डोकं उठायचं. मेला सारखा कान किटवायला येतो, म्हणून ती दार लोटून घ्यायची. त्या दिवशी मात्र तिनं आपणहून हात करून गाडी थांबवली.

कारण त्याच सकाळी तिनं नवा फोन आणला होता. हौस म्हणून नाही हो. हौस करायचं तिचं वयही नव्हतं. पण पेन्शन चालू ठेवायची तर आता फोनसमोर तोंड धरायचं, डोळे मिचकावायचे, मान इकडे तिकडे वळवायची, तेव्हा कुठं सरकारला पटतं की माणूस जिवंत आहे. तिच्या जुन्या फोनच्या काचेला तडे गेलेले, कॅमेरा आंधळा. तो काही केल्या तिला जिवंत मानायला तयार होईना. त्यात बाजारातल्या अंडीवालीनंसुद्धा पाटीवर फोननं पैसे घ्यायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. नोट पुढं केली की तोंड वाकडं करायची.

तिचा भाचा शाओबो बाजारगावात फोनचं दुकान चालवायचा. त्यानं जुन्यातलं कार्ड काढून नव्यात घातलं, दोन-चार वेळा बोट फिरवलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"सगळं आलं ना रे यात?" तिनं विचारलं.

"सगळं आलं आत्या. ही बघ, नावं दिसतात की नाही?"

दिसत होती. यिनह्वाला वाचता येत नव्हतं, पण चित्रं ओळखता यायची. लेकीच्या नावापुढचं ते पीचचं फळ जागच्या जागी होतं. तिचा जीव भांड्यात पडला. जुन्याचं काय करू म्हटल्यावर शाओबो म्हणाला, कचरा आहे, फेकून दे. फेकण्यापेक्षा घंगाळ काय वाईट? घरातलं पाय शेकायचं घंगाळ बुडाशी गळत होतं, आणि पाय तर रोज शेकायचे असत, तिच्या म्हाताऱ्याचे.

म्हाताऱ्याचं नाव पेंग. झटका आल्यापासून त्याची डावी बाजू लुळी पडली होती आणि डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळायचं. दिवसभर खाटेवर पडून तो संध्याकाळची वाट बघायचा. संध्याकाळी यिनह्वा गरम पाण्यात त्याचे पाय सोडायची आणि फोन त्याच्या कानाशी धरायची. मग त्यांची लेक श्याओमान बोलायची. 'बाबा, पाय शेकलेत का? आज आमच्याकडे खानावळीत मासा होता, पण तिखटाचा पत्ता नाही. आईला सांगा, मिरच्यांचं लोणचं पाठव.' तिला टाइप करायचा कंटाळा आणि आईला वाचता येत नाही, म्हणून पोरगी सगळं बोलूनच पाठवायची. मिनिटभराचे तुकडे, शेकड्यांनी.

श्याओमान वारली त्याला दोन वर्षं होत आली होती. दक्षिणेत फोनच्या काचा पुसायच्या कारखान्यात कामाला होती. पाळी संपवून स्कूटरवरून येताना ट्रकखाली गेली. राखेचा डबा यिनह्वा एकटी जाऊन घेऊन आली आणि टेकडीवर पुरला. पेंगला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका हा माणूस सोसणार नाही. गावानंही तोंडं शिवून घेतली. त्या संध्याकाळी त्यानं 'पोरीचं काही आलं का' म्हणून विचारलं, आणि यिनह्वानं एक जुना निरोप लावला. तेव्हापासून रोज एक. थंडीत थंडीचे, उन्हाळ्यात उन्हाळ्याचे. सुट्टीचं विचारलं की म्हणायची, गाडीची तिकिटं मिळत नाहीत. पेंग उत्तर द्यायचा, ती बटण दाबल्याचं नाटक करायची. पाप म्हणा, काही म्हणा, म्हातारा त्यावर जगत होता. खरं सांगायचं तर तीसुद्धा.

जुना फोन देऊन घंगाळ घेतलं त्या संध्याकाळी तिनं त्यात पाणी ओतलं, पाय सोडले, नवा फोन काढून पीचच्या फळावर बोट ठेवलं. आत कोरं. एकही तुकडा नाही. खाली सरकवलं, वर सरकवलं.

"आज काय म्हणते?" पेंगनं विचारलं.

रात्रपाळी असेल, असं ती कसंबसं म्हणाली.

सकाळी ती पहिल्या गाडीनं शाओबोकडं गेली. त्यानं फोन उलटसुलट केला आणि त्याचा चेहरा उतरला. नावं कुठल्याही फोनवर दिसतात आत्या, म्हणाला, पण बोललेलं त्या-त्या फोनच्याच पोटात राहतं, ते वेगळं काढून घ्यावं लागतं. तुला ते हवं होतं हे मला कुठं ठाऊक? त्याचंही खरं होतं. गिऱ्हाईकं रोज फोन बदलतात, मागचं कोणी विचारत नाही. तो दुकान बंद करून तिच्याबरोबर निघाला.

भोंगेवाल्याचं गोदाम नदीपलीकडं होतं. पत्र्याखाली बायका ओळीनं बसून फोन उकलत होत्या. काच इकडे, बॅटरी तिकडे, पोटातल्या हिरव्या पट्ट्या पोत्यात. भोंगेवाला माणूस वाईट नव्हता. लाल पाठीचा ना, म्हणाला, आठवतो. पण मावशी, कालचा माल कालच फुटला. हिरव्या पट्ट्यांची पोती पहाटे ट्रकनं गेली. यिनह्वानं ऐकलं नाही. टरफलांच्या ढिगात हात घालून ती बसली. बऱ्याच वेळानं लाल पाठ सापडली. पोरीनं चिकटवलेलं पीचचं स्टिकर तिच्यावर तसंच होतं. आत काही नव्हतं. शाओबो ढिगाशी उभा राहून रडला. यिनह्वाला रडूही येईना. भोंगेवाल्यानं ओशाळून आणखी एक घंगाळ पुढं केलं, त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

घरी येताना तिनं मनाशी ठरवलं, आता सांगून टाकायचं. किती दिवस रात्रपाळ्या सांगणार? पण जीभ उचलेना. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. पेंग जेवण बाजूला सारायला लागला. अर्धी वाटी भातसुद्धा संपेना.

तिसऱ्या संध्याकाळी त्याचे पाय पाण्यात सोडून ती त्याच्यासमोर बसली. "म्हाताऱ्या, तुला एक सांगायचंय."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

तिचा हात पाण्यातच थांबला.

"माझ्यावर चिडली आहे ती. तिचे निरोप थांबले त्याच्या आदल्या दिवशी मी बोललो ना, या नववर्षाला ये, नाहीतर मी मेल्यावरच ये म्हणून. तू तसंच्या तसं पाठवलंस ना, म्हातारे? मागं तिनं लग्न मोडलं तेव्हाही मी असंच बोललो होतो, तोंड दाखवू नकोस म्हणून. माझी जीभच घाण."

"तसं नाही रे. ऐक तरी."

"तू तिची बाजू घेऊ नकोस. चिडू दे. आहे तिथं धडधाकट आहे, पोटभर जेवते, माझ्यावर चिडायला तिच्या अंगात जोर आहे. मला तेवढं पुरे. काय सांगत होतीस तू?"

यिनह्वानं हात पाण्यातून काढून पुसला. मग म्हणाली, पाणी गार झालंय, आणखी घालू का, एवढंच विचारत होते.

"घाल. आणि तो फोन आण. मला बोलायचंय तिच्याशी."

तिनं फोन आणला, पीचचं फळ काढलं आणि बटण दाबून तो त्याच्या तोंडाशी धरला. या वेळी खरंच दाबलं, नाटक करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. पेंगनं घसा खाकरला. "श्याओमान, बाबा बोलतोय. चुकलं माझं. येऊ नकोस हवं तर. पण काहीतरी बोल." त्याचा आवाज फुटला, तसं तिनं बोट उचललं. पडद्यावर त्याच्या बोलण्याची एक हिरवी पट्टी उमटली.

तेव्हापासून रोज एक. म्हातारा पाय शेकता शेकता माफी मागतो, यिनह्वा बटण दाबते, सोडते. हिरव्या पट्ट्या एकाखाली एक जमत गेल्यात. मग ती त्याचे पाय पुसते, घंगाळातलं पाणी अंगणात ओतते आणि घंगाळ भिंतीला टेकवून ठेवते. स्टील चांगलं आहे, अजून कुठं डाग पडलेला नाही.