गार टॉवेल

दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवायचा, ही सलूनवाल्याच्या थोरल्या भावाची पद्धत. केस मऊ पडतात, वस्तरा सुळकन फिरतो. थोरल्याला जाऊन आठ महिने झाले होते. दुसरी खुर्ची तेव्हापासून रिकामी होती, आणि टॉवेल वेगळ्याच कामाला लागला होता.

तोंड झाकलं की माणसाला दिसत नाही. तेवढ्यात सलूनवाला मागच्या मोरीत जाई, मनगटं गार पाण्याखाली धरी, चार मोजत श्वास घेई आणि आठ मोजत सोडी. हातात वस्तरा आला की अलीकडे त्याची छाती धडधडू लागे, बोटं बधिर होत आणि आपण आत्ता मरणार असं अगदी खरं वाटे. हृदय ठणठणीत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाच मिनिटांत सगळं ओसरेही. पण समोर गळा उघडा टाकून बसलेल्या माणसाकडे पाच मिनिटं कोणत्या तोंडाने मागायची? कुणाला एकदा जरी कापलं तरी दुकानाला कुलूप, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. घरी विचारणारं कुणी नव्हतं. दुकानात आरसेच आरसे, आणि गिऱ्हाईक नसलं की सगळ्यांत एकच चेहरा, त्याचा स्वतःचा.

मंगळवारी ड्रायव्हरकाका आले. जन्म बस चालवण्यात गेलेला, आता निवृत्त. तोंडाचा पट्टा अखंड चालू. टॉवेलखाली तेवढे गप्प.

त्या दिवशी पाण्याने काही होईना. मन गुंतवायला तो मोरीतल्या वस्तू मोजू लागला. बादली, साबण, खराटा, खिळ्यावरचा थोरल्याचा अ‍ॅप्रन. तिथेच गाडी अडली. तो बाहेर आला, वस्तरा उचलला, परत ठेवला.

"काका, आज राहू दे. वस्तऱ्याला धार नाही."

"माझ्या इंजिनासारखं झालं म्हणायचं," टॉवेलखालून आवाज आला. "एकदा पुलाच्या मधोमध बस थांबवली होती मी. बेचाळीस माणसं आत. छाती धडधडायला लागली, वाटलं, आपण आता संपलो. इंजिन तापलंय म्हणून सांगितलं, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून नटबोल्ट मोजत बसलो. इंजिनाला काही धाड भरली नव्हती."

सलूनवाला खुर्चीजवळ सरकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"टॉवेल गार होतो रे. तीन महिने झाले, गारच काढतोस तोंडावरून."

चहा जरा निवला तर गल्ली डोक्यावर घेणारा हा माणूस दर मंगळवारी गार टॉवेल तोंडावर घेऊन मुकाट बसला होता. सलूनवाल्याला रडू आवरेना.

"मोरीत जाऊ नकोस. इथंच उभा राहा. श्वास सोडताना मोठ्याने मोज. मला कुठं काय दिसतंय?"

त्याने खुर्चीची पाठ धरली आणि मोजू लागला. पाचावर आवाज फुटला. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली, तेव्हा टॉवेलखालून काकाही मोजत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बोटांत हळूहळू जीव आला. तो टॉवेल बदलायला वाकला.

"राहू दे. गरमाची सवय मोडली माझी."

काकांनी स्वतःच टॉवेल काढला, डोळे मिटलेलेच ठेवले आणि मान मागे टाकली.