मेणाआधी टांगलेले पक्षी

हिनेराउनं यंदा एप्रिल-मे मिळून सहा आठवडे शाळेला दांडी मारली, असं शाळेच्या दप्तरी नोंदलेलं आहे. दांडी हा शब्द शाळेचा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या आमच्या ब्लफ गावात त्याला कुणी दांडी म्हणत नाही. एप्रिल लागला की ज्या घरांना बेटांवर पक्षी धरायचा वारसाहक्क आहे, ती घरं पोराबाळांसकट, पिठामिठाच्या पोत्यांसकट होडीत बसतात आणि टीटी धरायला निघतात. टीटी म्हणजे एका समुद्रपक्ष्याची पिल्लं, बिळात बसून आईबापांनी आणलेलं खाऊन खाऊन चरबीनं टमटमलेली. ती धरायची, पिसं उपटायची, उरलेली लव वितळलेल्या मेणात बुडवून सोलून काढायची, साफ झाली की टांगायची, मिठात घालायची आणि मग वर्षभर खायची, वाटायची. आमचे पणजोबा हे करत होते, त्यांचेही पणजोबा करत होते. शाळा नंतर आली.

यंदा तिनं आगाऊपणा एवढाच केला की शाळेचा कॅमेरा बरोबर नेला.

सोळा वर्षांची पोर, इन्व्हरकारगिलच्या शाळेत रोज बसनं जाते. फोटोग्राफीचं तिचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी कॅमेरा धरायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी एकच विषय घेऊन वर्षभर त्याच्या मागे लागायचं असतं आणि शेवटी जमिनीपासून छातीपर्यंत येईल एवढ्या पुठ्ठ्यावर फोटो क्रमानं चिकटवून बोर्ड करायचा असतो. मार्क त्या बोर्डाला. वर नाव लिहायचं नाही, खाली चार ओळींचा खुलासा करायचा नाही, जे काय सांगायचं ते फोटोंनी सांगायचं. वर्गातल्या कुणी समुद्रकिनारा घेतला, कुणी बहिणीचे नाचाचे बूट, एकानं तर मित्राची मोटारगाडीच घेतली. हिनेराउनं टीटी घेतले.

फोटोग्राफी शिकवणाऱ्या लॉकर्बी बाई तिला म्हणाल्या होत्या की कॅमेरा शनिवार-रविवारपुरता मिळतो, सहा आठवड्यांसाठी नाही. हिनेराउनं विचारलं की मग शनिवार-रविवारपुरतं बेट इकडे आणता येईल का. बाईंनी कपाटाची किल्ली काढली. बाई कडक, पण त्यांना काम ओळखता येतं.

खरी परवानगी घ्यायची होती ती पोउआंची. पोउआ म्हणजे आजोबा. टेओने पोउआ पंचाहत्तरीला टेकलेले, आयुष्यभर समुद्रातली कालवं काढायच्या बोटीवर राबलेले, आणि बेटावर त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. कॅमेरा पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. आतापर्यंत बेटाचे फोटो काढणारे पाहुणे काय काढून नेत, हे त्यांना ठाऊक होतं. सूर्यास्त, लाटा, हसरी म्हातारी. पक्षी मरतो कुठे, आतडी जातात कुठे, ते कुणाला नको असतं.

दोन दिवस गुळणी धरून बसले. तिसऱ्या दिवशी बिळात खांद्यापर्यंत हात घालून आडवे पडलेले असताना म्हणाले, "काढ. पण काढायचं तर सगळं काढायचं, पोरी. सोयीचं तेवढं दाखवून आम्हाला गोड करायचं नाही."

तिनं कबूल केलं आणि सगळं काढलं. बिळातून बाहेर येणारा हात काढला. मान मोडतानाची मूठ काढली. पिसांच्या ढिगात गुडघ्यापर्यंत बुडालेली मावशी, आतड्यांची बादली, मिठानं फुटलेली बोटं काढली. पिसं उपटलेला पक्षी पांढराफटक आणि मेणाची कढई काळीकुट्ट, त्यामुळे कॅमेरा गोंधळायचा आणि पांढरं जळून जायचं. बाईंनी शिकवलं होतं की आधी पांढरं सांभाळ, काळं मागून सावरता येतं. तिनं प्रकाश एक घर कमी घेतला आणि पक्ष्यांच्या कातडीवरचा एकेक दाणा जपला. परत आल्यावर कॅमेरा तीनदा पुसला तरी त्याला चरबीचा वास येतच राहिला, आणि बाईंनी त्याला वेगळं कपाट दिलं.

वासाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. टीटीचा वास अंगाला लागला की महिनाभर जात नाही. साठ वर्षांमागे पोउआ ह्याच शाळेत होते. चौदा वर्षांचे असताना बेटावरून परतले आणि वर्गात जाऊन बसले, तर मास्तरांनी नाकाला रुमाल लावला आणि बाक उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये बसायला सांगितलं. पोउआ बाकासकट बाहेर आले. घंटा झाल्यावर बाक तिथेच ठेवून घरी गेले ते पुन्हा त्या शाळेची पायरी चढले नाहीत. मुलांच्या वेळी नाही, नातवंडांच्या वेळी नाही.

हिनेराउनं त्यांना यंदा यायला लावलं होतं. नोव्हेंबरात शाळा एक संध्याकाळ पालकांसाठी उघडी ठेवते आणि सगळे बोर्ड हॉलमध्ये लागतात. फोनवर फोटो पाहायला पोउआ तयार नव्हते. अख्खं आयुष्य तळहाताएवढ्या काचेवर बघायला मी काय मुंगी आहे, म्हणाले. भिंतीवर बघायचं तर शाळेत यावं लागेल, असं तिनं सांगितलं. पाच महिने ती त्यांच्या मागे लागली. शेवटी एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले की बघू, तो निळा स्वेटर धुवून ठेव.

आणि त्या संध्याकाळला चार दिवस उरलेले असताना उपमुख्याध्यापक डेलाहंट सरांनी तिला बोलावलं.

डेलाहंट सर तसे वाईट नाहीत. सगळ्यांशी गोड राहायची सवय लागलेला माणूस, आणि अशा माणसाचं ओझं शेवटी कुणाला तरी वाहावं लागतं. लॉकर्बी बाईही तिथे होत्या. सरांनी आधी बोर्डाची तारीफ केली, मग तांत्रिक बाजू, मग धाडस, आणि मग गाडी वळणावर आली. त्या संध्याकाळी महापौर येणार होते. त्या संध्याकाळची बक्षिसं देणारी मंडळी पर्यटकांना बोटीतून समुद्रपक्षी दाखवण्याचा धंदा करत. लहान मुलंही असणार. तेव्हा चार फोटो फक्त त्या संध्याकाळपुरते वगळावेत, मुठीचा, रक्ताचा आणि बादलीचे दोन. त्या जागी तिनंच होडीतून काढलेला एखादा सूर्यास्त शोभून दिसेल. मार्कांना धक्का लागणार नाही, याची हमी.

"खायला काय आहे त्या दिवशी, सर?" हिनेराउनं विचारलं.

सर म्हणाले की नेहमीचंच, सॉसेज रोल वगैरे.

"सॉसेज झाडाला लागतात का?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. सरांचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच गोड राहिला. ते म्हणाले की मुद्दा तो नाही, मुद्दा पाहुण्यांचं मन राखण्याचा आहे. हिनेराउच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःच्या ताटातलं मेलेलं ह्यांना चालतं, आमच्या ताटातलं दिसलं की नाकानं कांदे सोलतात. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडली तर ते तिच्या ओरडण्याबद्दल बोलत बसतील हे तिला माहीत होतं.

"सगळे लावा, नाहीतर एकही लावू नका," ती म्हणाली.

"मग नाइलाजानं एकही नाही," सर म्हणाले.

बोर्ड फोटोग्राफीच्या खोलीमागच्या कपाटात गेला, वासाच्या कॅमेऱ्याशेजारी. बसमध्ये ती काचेला डोकं टेकून बसली. चार फोटो. एका संध्याकाळपुरते. पोउआंना कळलंही नसतं कदाचित. सूर्यास्तासमोर उभे राहून मान हलवली असती आणि घरी आले असते. पण बिळात हात घालून पडलेल्या त्या माणसाला तिनं शब्द दिला होता, आणि साठ वर्षांनी त्यांना त्या दारातून आत आणून गोड केलेलं बेट दाखवायचं तर न आणलेलं बरं. घरी तिनं सांगून टाकलं असतं तर ते शांतपणे म्हणाले असते की बरं झालं, स्वेटर ठेवून दे. म्हणून तिनं सांगितलं नाही. निळा स्वेटर धुतला आणि वाळत घातला.

पालकांच्या त्या संध्याकाळी सहाला ऊन अजून चांगलं होतं. हॉलमध्ये किनारे लागले होते, नाचाचे बूट लागले होते, मोटारगाडी तर अगदी दारासमोर होती. हिनेराउ साडेपाचलाच खोलीमागच्या कपाटाशी गेली होती. कपाटाला कुलूप असेल अशी तिची खात्री होती आणि त्यासाठी ती घरून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली होती. पण किल्ली कुलपातच लटकत होती. लॉकर्बी बाई कधी किल्ली विसरत नाहीत.

तिनं बोर्ड उचलला. जड नव्हता, पण रुंद, दोन्ही हात पसरल्याशिवाय धरता येईना. हॉलमध्ये नेला असता तर तिला बाहेर काढलं असतं. म्हणून हॉलकडे जाणाऱ्या कॉरिडॉरच्या मधोमध ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बोर्ड छातीसमोर धरला. बोर्डाच्या वर फक्त तिचं डोकं दिसत होतं. येणारे थबकत, बघत, काही पुढे सटकत. एका बाईनं मुलाचे डोळे झाकले. मुलानं बोटं बाजूला करून विचारलं, ती मूठ कुणाची आहे? हिनेराउनं सांगितलं की तिच्या काकाची आहे. पंधरा मिनिटांत तिचे खांदे भरून आले. वीस मिनिटांत हात थरथरायला लागले आणि बोर्डही थरथरायला लागला. तिनं दात आवळले.

मग दारात निळा स्वेटर दिसला.

पोउआ उंबरठ्याशी थांबले. कॉरिडॉरच्या छताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, एका ठरावीक जागेकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग सावकाश चालत तिच्यापर्यंत आले.

"भिंतीवर आहे म्हणाली होतीस."

"नको म्हणाले ते. चार फोटो वगळले तर लावू म्हणाले."

"कुठले चार?"

तिनं हनुवटीनं दाखवले. पोउआंनी चष्मा लावला. ते ओणवे झाले आणि वरच्या ओळीपासून बघायला लागले. होडी, बीळ, हात, मूठ. पिसं, मावशी. मागे लोक जमत होते, पोउआंना त्यांची गंधवार्ता नव्हती. एवढ्या जवळून बघत होते की त्यांचा श्वास पुठ्ठ्यावर ऐकू येत होता. हिनेराउला हातांचा विसर पडला. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं आणि कपाळाला आठी पडली.

"हे काय केलंस?"

तिला वाटलं, रक्ताचा फोटो.

"मेणाआधी टांगलेस पक्षी," पोउआ म्हणाले. "बघ ना. वरच्या ओळीत चांगले साफ होऊन टांगलेत आणि खालच्या ओळीत मेणात बुडवतेयस. साफ झालेल्याला परत साफ करतेस?"

तिनं मान वाकवून वरून पाहिलं. खरं होतं. बोर्ड जुळवताना टांगलेल्या पक्ष्यांचे निळसर फोटो समुद्राच्या निळ्याशेजारी छान दिसले होते, आणि मेणाच्या पिवळ्याला मिठाच्या बादल्यांचा पिवळा लागून आला होता. म्हणून तिनं तेव्हा दोन ओळी फिरवल्या होत्या. रंग जुळले, काम चुकलं. बाईंच्या लक्षात आलं नव्हतं, डेलाहंट सरांच्या तर येणारच नव्हतं. चार फोटोंवरून एवढं रामायण झालं आणि खरी चूक कुणालाच दिसली नव्हती. सोळा वर्षं दर एप्रिल बेटावर घालवलेल्या तिलासुद्धा नाही. तिला इतकी लाज वाटली की हसू आलं.

"बदलायचं?" तिनं विचारलं.

"मग काय असंच ठेवायचं? लोक बघतायत."

पोउआंनी खिशातून चाकू काढला, पक्षी उघडायचा तोच, पातं झिजून अर्धं झालेलं. तिनं बोर्ड भिंतीला टेकवला, आणि पातं फोटोच्या मागे सरकवून ते एकेक फोटो सोडवायला लागले. तेवढ्यात लॉकर्बी बाई आल्या. त्यांनी बोर्ड पाहिला, चाकू पाहिला, आणि परत गेल्या. हिनेराउला वाटलं, सरांना बोलवायला गेल्या. बाई डिंकाची कांडी घेऊन परतल्या.

बेटावर जेवढ्या घाईनं काम चालतं तेवढ्याच घाईनं तिघांनी ओळी बदलल्या. मेणाचा एक फोटो सुटता सुटता फाटला आणि त्याचा कोपरा पुठ्ठ्यालाच चिकटून राहिला. बाई हळूच म्हणाल्या की ह्याचे मार्क जाणार, घरी नवा फोटो छापून लावायला आता वेळ नाही, उद्या बोर्ड तपासायला जातोय. रंगांचा मेळही गेला होता. निळ्याशेजारी पिवळा आता डोळ्यांत खुपत होता.

"जाऊ देत," हिनेराउ म्हणाली आणि तिनं बोर्ड पुन्हा उचलून धरला.

पोउआंनी चाकू पँटला पुसून खिशात ठेवला. मग तिच्या थरथरत्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी बोर्डाची डावी बाजू स्वतःच्या हातात घेतली आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. स्वेटर धुतलेला असला तरी त्यांना वास येत होता, चरबीचा, धुराचा, त्यांचा स्वतःचा.

डेलाहंट सर आले तेव्हा महापौर दारातून आत येत होते. सरांनी हसूनच सांगितलं की रस्ता अडतोय, नियमाप्रमाणे कॉरिडॉर मोकळा हवा. बाहेर अंगणात उभं राहिलं तर बरं, तिथे उजेडही चांगला आहे.

पोउआंनी त्या ठरावीक जागेकडे बोट केलं. दोन पावलांवर होती.

"माझा बाक तिथे ठेवला होता, साहेब," ते म्हणाले. "वास येतो म्हणून. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, बाहेर जा म्हटलं की गेलो. आता गुडघे दुखतात. आता मी कुठे जात नाही."

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई बोर्डाच्या फाटक्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरत होत्या, डिंक वाळेपर्यंत. त्यांनी मान वर केली नाही.

हिनेराउनं बोर्डाची आपली बाजू आणखी थोडी वर उचलली. कॉरिडॉर अरुंद होता. त्या संध्याकाळी हॉलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला, महापौरांनासुद्धा, त्या दोघांसमोरून अंग चोरून जावं लागलं.