न वळणारी मोटार

चंपतची मोटार पाहायला तिरोड्याहून माणसं येणार होती. मोटार होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण ती रस्त्यावर चालत नव्हती.

भिलाईत कारखान्याचं बांधकाम जोरात होतं तेव्हाची ही गोष्ट. मरोद्याच्या बाजूनं माल नेणारी नवी लाइन टाकली होती आणि ती तपासायला एक जीप ठेवली होती. नाक जीपचं, भोंगा जीपचा. फक्त रबरी चाकं काढून तिला आगगाडीसारखी लोखंडी चाकं बसवलेली. रूळ नेतील तिकडं जायचं. स्टेअरिंग जागेवर होतं, पण चाकांशी त्याचं काही नातं उरलं नव्हतं. तोंड फिरवायचं तर पोटाखाली जॅक लावून उचलायची आणि चार धडधाकट माणसांनी गोल ढकलायची. असलं जनावर चंपत हाकत होता.

त्याची मोठी बहीण बेबीताई हिनं तिरोड्याच्या कवडूला एवढंच सांगितलं होतं, की माझा भाऊ भिलाईत मोटार चालवते. कवडूची धाकटी पोरगी शेवंता. चंपतनं तिला मंडईच्या जत्रेत पाहिलं आणि तेव्हापासून दुसरी कोणी नको म्हणून बसला होता. पण घर आणि काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोरगी द्यायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. म्हणून कवडू आला, सोबत त्याची म्हातारी आई ठकूबाई.

"रुळावरची आहे म्हनून सांगतलं कावून नाही, ताई?" चंपतनं दात-ओठ खात विचारलं.

"सांगतलं असतं तं आले असते का ते?"

मिस्त्रीच्या हातापाया पडून चंपतनं सुट्टीच्या दिवशी जीप मागून घेतली. पाहुण्यांना घेऊन तो लाइनवर पोचला, तर बेबीताईनं आधीच येऊन पूजा उरकलेली. चाकांना हळदीकुंकू, नाकावर झेंडूचा हार. पाहुण्यांना आणि ताईला बसवून त्यानं गाडी सुरू केली. इंजिन ओरडलं, चाकं जागच्या जागी गरगर फिरली, जीप हलेना.

"ताई, काय टाकलं रुळावर?"

"तेल. शुभ कामाले उंबरठ्यावर नाही का टाकत आपन?"

चंपत खाली उतरला. लोखंडावर लोखंड, त्यात तेल. ओंजळीनं वाळू आणून तो रुळांवर टाकत बसला. कवडू वरून बघत होता.

"रोजच वाळू चारावी लागते का हिले?"

"नाही मामाजी. आजच."

जीप एकदाची निघाली. वारा लागला तसा कवडू खुलला. टोपी सावरत तो वाटेतल्या पोरांकडे बघून मान डोलवू लागला. मरोद्याजवळ शेताच्या पलीकडे काही झोपड्या दिसल्या आणि त्यानं हात दाखवला.

"तिकडं घ्या थोडी. माहा भाचा देवराव राह्यते तिथं. दारात मोटार लावू."

"तिकडं नाही जात ही."

"रस्ता तं आहे."

"रस्त्यावर नाही चालत, मामाजी. रुळावर चालते."

"मंग हे हातात काय धरून बसले? फिरवा नं."

चंपतनं वैतागून स्टेअरिंग गर्रकन इकडं फिरवलं, गर्रकन तिकडं. जीप नाकासमोर चालली होती तशीच चालली. देवरावची झोपडी मागं पडली. कवडूचा चेहरा उतरला.

"थांबवा," तो म्हणाला.

चंपतनं ब्रेक दाबला. लोखंडी चाकं करकरत बरीच पुढं घसरली, तेव्हा कुठं जीप थांबली. कवडू खाली उतरला आणि तिच्याभोवती चक्कर मारून आला.

"याच्यापेक्षा आमचा बैलाचा खासर बरा. बैल तरी वळतेत. बेबीताई, हा डायवर नाही, हा सिग्नलचा खांब आहे."

बेबीताईनं पदर तोंडाला लावला. आता संपलं, असं चंपतला वाटलं. शेवंता गेली, आणि गेली ती या लोखंडी डबड्यापायी.

मागच्या बाकावरून ठकूबाई पहिल्यांदाच बोलली. "बापू, वाटंत दारूची भट्टी लागली होती. तिथं थांबते का ही?"

"भट्टी रस्त्याकडं आहे, आजी. रूळ इकडून जातेत."

"म्हंजे मनात आलं तरी वळत नाही?"

"नाही."

म्हातारी लेकाकडे वळली. "कवडू, थोरल्या जावयाची टरक सगळ्या बाजूनं वळे. भट्टीकडं वळे, जुव्याकडं वळे. आपली रुक्मा लेकरू घेऊन माहेरी येऊन बसली. ही मोटार मले पसंत आहे."

कवडूनं रुळांवरून लांबवर नजर टाकली. मग एकदम चेहरा उजळला.

"लोखंडी रस्ता आमच्या तिरोड्यावरूनही जाते. मंग वरात हिच्यातच आना."

"मामाजी, त्या लाइनवर मेल धावते."

"धावू द्या. तुमी पुढं, ते मागं."

"ते मागून येऊन धडकीन नं."

"भोंगा कायले देला मंग?"

"रेल्वेवाले जाऊच देत नाहीत मामाजी, हातात बेड्या घालतीन."

"होऊन जाईन, भाऊ," बेबीताई घाईघाईनं कवडूला म्हणाली. चंपतनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं पुन्हा पदर तोंडाला लावला.

परतायचं होतं. जीप फिरवायला चार धडधाकट माणसं हवी होती, आणि इथं एक म्हातारी, तिचा दम्याचा लेक आणि बेबीताई. चंपतनं निमूट उलटा गिअर टाकला आणि मान मागं मोडून गाडी सोडली. कवडूचा भाचा देवराव एव्हाना शेतातून धावत आला होता. मामाला उलट्या गाडीत मागं मागं जाताना बघून तो तिथंच उभा राहिला.

"वरातीत तरी तोंड पुढं करून आना, जावईबापू," कवडू म्हणाला.

चंपतची मान अवघडली होती. तरी तो शेवटचा शब्द त्याला नीट ऐकू आला.