चिंचेखालचे बूट

उजव्या बुटाची गाठ सुटेना, म्हणून रामाजी चिंचेखाली बसून दातओठ खात होता. डाव्या पायात केव्हाच चप्पल आली होती. तिगाव इथून हाकेच्या अंतरावर, आणि गावात शिरायचं ते जुन्या स्पंजच्या चपला घालूनच, हा त्याचा रोजचा नेम.

बूट पोरीनं दिले होते. अश्विनीनं परजातीत लग्न केलं, तेव्हापासून रामाजीनं चारचौघांत तिचं नाव घेतलं नव्हतं. पण पांढुर्ण्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगवर तो चौकीदार होता, तिथं फाटकाशी ती मधूनच येऊन उभी राहायची. तिथल्याच दवाखान्यात ती लोकांना कंबर-गुडघ्यांचे व्यायाम शिकवत असे. सायकलवरून उतरताना बाप कंबर धरतो, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. चपलेचा मऊ तळ पॅडलवर दुमडतो, पाय घसरतो, मग सगळा जोर कमरेवर येतो, असं तिनं समजावलं. पुढच्या खेपेला कडक तळाचे बूट आणले, आत पावलाच्या खळग्याखाली गादी बसवलेली. पॅडलवर पायाचा पुढचा भाग ठेवायचा, हेही दाखवलं.

कमरेचं दुखणं खरंच उतरलं. पण बूट कोणी दिले म्हणून गाव विचारणार, तोंडात शेण घालणार. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं.

गाठ सुटली, तोच मोटारसायकल येऊन थांबली. पुढे जावई गौतम, मागे अश्विनी, मांडीवर आईसाठी संत्र्यांची पिशवी. लग्नानंतर ती पहिल्यांदाच माहेरी निघाली होती. बाबा बूट घालतात म्हणजे राग गेला, असं बिचारीला वाटलं असावं.

तिनं बापाचा एक पाय पाहिला, मग दुसरा. सायकलला लटकवलेली चपलांची रिकामी पिशवी पाहिली.

"टोचून राहिले का, बाबा?"

"हो. जरासे."

पोरीनं सबब काढून दिली आणि बापानं ती खुशाल उचलली. 'घरी चल' म्हणायचं सोडून तो बुटाची नाडी गुंडाळत बसला. अश्विनीनं गावाकडे एकदा पाहिलं.

"मंग निघतो आमी. हे संत्रे आईले द्या."

जावयानं मान लववली, गाडी वळवली. रामाजीला स्वतःचीच किळस आली. त्यानं चपला सायकलच्या पिशवीत कोंबल्या, दोन्ही बूट चढवले आणि थेट गावातल्या अतुलच्या पानटपरीसमोर जाऊन उतरला. विचारा म्हणावं आता.

कोणी काही विचारेना. शेवटी त्यानंच पाय पुढे केला.

"माह्या पोरीनं देले."

"माईत हाय ना, काका," अतुल पानाला चुना लावता लावता म्हणाला. "चिंचेखाली बदलवता ते रोजच पाहून राहिलो. नवे हायेत म्हणून जपून राहिले, असं वाटलं आमाले. कंबर कशी हाय?"

रामाजीला मान वर करवेना. टपरीवरची माणसं आपापल्या गप्पांत होती. गावानं घातलेलं शेण त्याच्या तोंडात नव्हतंच. होतं ते त्याचं स्वतःचं.

त्यानं सायकल पांढुर्ण्याच्या दिशेला वळवली आणि तिथंच घुटमळला.

"अतुल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माह्या पोरीचं घर कुठं हाय, तुले माईत हाय का?"