अकरा वर्षांचं पान

दोन हजार सहाच्या हंगामात कृषी सहायक श्रीकृष्ण पांढरीपांडे रोज पुसदहून मोटारसायकलवर निघायचा आणि फुलसावंगीच्या शिवारात कापसाचे पंचनामे करत हिंडायचा. किडकी बोंडं, लाल पडलेली पानं. दिवसभर तेच बघायचं, तेच लिहायचं. एका दुपारी तो बंजारा तांड्यावरच्या मैनाबाईच्या दारात पाणी मागायला थांबला आणि पाणी हातात येऊनही प्यायचं विसरला.

सत्तरीची मैनाबाई उंबऱ्यात बसून ओढायला चुट्टा वळत होती. मांडीवर तंबाखूचं अख्खं पान, नजर मात्र समोरच्या बकरीवर. तिनं पानाची मधली शीर सर्रकन ओढून काढली, आत बारीक पानांची जुडी ठेवली, पान तिरकं फिरवलं आणि टोकाला डिंकाचं बोट लावलं. वीतभर लांबीचा सरळसोट चुट्टा तयार झाला. बकरीवरची नजर हलली नव्हती.

श्रीकृष्णानं ढाणकीच्या बाजारातून तंबाखूची पानं आणली. रविवारी चुट्टा वळायला स्वयंपाकघरात बसला. पहिलं पान हातातच चुरलं.

"पापड कुटून राह्यले का?" त्याच्या बायकोनं, रजनीनं विचारलं.

मग त्यानं पानं पाण्यात भिजवली, तर दोन दिवसांत त्यांवर बुरशी आली. तिसऱ्या खेपेला चुट्टा इतका घट्ट झाला की ओढता ओढता गाल दुखले. चौथा एकाच बाजूनं जळत गेला. तो अर्धा जळका चुट्टा खिशात घालून तो परत तांड्यावर गेला.

मैनाबाईनं तो नखानं उभा चिरला. हसली नाही.

"पानाले पाणी कायले पाजलं? त्याले हवा लागते." तिनं मडकं दाखवलं. तळाशी ओली वाळू, वर काड्यांची जाळी, त्यावर पानं. "रातभर ठेव. सकाळी ऊन चढाच्या आत वळ. अन् आत धुराले वाट ठेव, लेका."

पुढचे चार रविवार तो तिच्या उंबऱ्याशी बसला. पाचव्या रविवारी त्याचा एक चुट्टा शेवटपर्यंत सारखा जळला. मैनाबाई तो बघून उठली, आत गेली आणि मडक्यातून लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली तीन पानं घेऊन आली.

"माह्या घरवाल्याच्या, खेमसिंगच्या हातची झाडं. तो गेला त्याले अकरा साल झाले." तिनं एक पान पुढं केलं. "हे वळ."

"फाटलं त, याडी?" तांड्यावर आईला म्हणतात तसं त्यानं विचारलं.

"फाटलं त फाटलं."

श्रीकृष्णानं पान मांडीवर पसरलं. अकरा वर्षांचं पान, पण मऊ, जुन्या धोतरासारखं. एकही भोक नव्हतं. गेले तीन महिने तो कापसाची आठवड्याभरात वाया गेलेली पानंच मोजत आला होता. त्यानं शीर काढली, जुडी ठेवली आणि श्वास रोखून पान फिरवलं. फाटलं नाही.

मैनाबाईनं चुट्टा पेटवला. डोळे मिटून सावकाश झुरके घेत राहिली. राख बोटभर वाढली, तरी पडेना. मग तिनं तो त्याच्याकडं दिला. धुराला गुळाचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी, ज्याला त्याच्याजवळ नाव नव्हतं. दोघं आळीपाळीनं ओढत राहिले.

चुट्टा संपल्यावर तो हळूच म्हणाला, "मले लावाचा आहे तंबाखू. चार झाडं, परसात."

मैनाबाईनं कोनाड्यातली डबी उघडली आणि त्याच्या तळव्यावर चिमूटभर काहीतरी टाकलं. तपकिरी, धुळीसारखं.

"हे तंबाखूचं बी?" श्रीकृष्ण म्हणाला. पंधरा वर्षं शेतीच्या नोकरीत काढूनही त्यानं ते कधी हातात घेतलं नव्हतं.

"बोलू नको," मैनाबाई म्हणाली. "उडून जाईन. त्या चिमटीत अख्खं वावर आहे."

त्यानं तोंड मिटलं, दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि कितीतरी वेळ तळव्याकडं बघत बसला.