शेणाचा ऊस, युरियाचा ऊस

आमच्या घरात भांडण जमिनीचं नव्हतं, खताचं होतं. हसू नका, त्यावरून कोयता चालला.

दोघे भाऊ एकाच शेतात गायींच्या चाऱ्यासाठी ऊस लावायचे, मधे बांध. दादा गोठ्यातलं शेणमूत खड्ड्यात कुजवायचा आणि त्याची स्लरी पंपानं आपल्या तुकड्यात सोडायचा. धाकटा युरिया टाकायचा. दादा त्याला 'पोतंवाला' म्हणायचा आणि तो दादाला 'शेणसम्राट'. गायी मात्र सामाईक, त्यांचं चारापाणी माझ्याकडे. मी मधली बहीण, नवऱ्याला सोडून आलेली. दोघांचं ऐकून घ्यायला घरात एक माणूस लागतंच.

त्या साली पावसानं ओढ दिली. ऊस खुंटला, पानांच्या सुरळ्या झाल्या. धाकट्याचा युरिया आधीच टाकून झाला होता, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला. पाणी मिळून उसानं खत पचवेपर्यंत त्याच्या तुकड्यातला चारा तोडू नको, जनावरांना बाधतो, असं त्यानं मला बजावलं. मग तुझ्या तुकड्यातला चालेल का, असं दादाला विचारलं तर तो हसला. शेण गाईच्याच पोटातून आलंय, ते तिला काय करणार, म्हणाला. मलाही पटलं. तो तर दाट स्लरी सोडतच राहिला होता. बांधापलीकडच्यापेक्षा आपला ऊस हिरवा दिसला पाहिजे, हा त्याचा हट्ट. आणि दिसत होता खरा, काळपट हिरवागार.

एके सकाळी मी दादाच्या तुकड्यातला ऊस तोडला, कुट्टी करून गव्हाणी भरल्या. चहा करून परत येते तो म्हातारी गाय खाली कोसळलेली. जीभ निळसर, पाय झाडत होती, श्वास पुरत नव्हता. दादानं तिला वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. तो धावत आला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती तशीच गेली. पलीकडे दुसरी गुडघ्यांवर आली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

नेमका तेव्हाच धाकटा आत आला, आणि त्याच्या खांद्यावर युरियाचं रिकामं पोतं होतं.

दादानं फावडं उचलून दांडा धाकट्याच्या बरगड्यांवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. धाकटा गव्हाणीवर आदळला, उठायला गेला तर दादानं त्याच्या तोंडावर लाथ घातली. "मारलंस तिला," एवढंच तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा. मी मागून त्याच्या गळ्याला लटकले, त्यानं कोपर मारलं, माझा दात पडला. तोंडात रक्त भरलं, शब्द फुटेना. कुट्टीच्या यंत्रापाशी उसाचा कोयता पडला होता, तो दादाच्या हातात आला. धाकट्यानं तोंड वाचवायला उजवा हात वर केला. अंगठा आणि शेजारचं बोट कुट्टीत जाऊन पडलं.

मला त्या क्षणी दादाला मारून टाकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण हाती काही नव्हतं. कोयता पुन्हा वर गेला तेव्हा मी रक्त थुंकले.

"दादा, आजचा चारा तुझ्या तुकड्यातला आहे."

कोयता तसाच वर राहिला. दादानं बांधाकडे पाहिलं. त्याच्याच बाजूला तोडलेल्या उसाची बुडखं ताजी पांढरी दिसत होती. त्यानं कोयता टाकला, आणि मी पदर फाडून धाकट्याचा हात आवळून बांधला.

डॉक्टर आले तोवर मी धाकट्याला गाडीत घालून दवाखान्यात नेत होते, पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी मेलेल्या गाईचं रक्त काढलं, ते चॉकलेटसारखं तपकिरी होतं. उरलेल्या गायींना निळं औषध शिरेतून दिलं, त्या वाचल्या. शेणातलं असो की पोत्यातलं, नत्र उसाच्या आत एकच होतं, ते म्हणाले. ऊस पाण्यावाचून वाढायचा थांबला की ते कांड्यात साठून राहतं आणि गाईच्या पोटात त्याचं विष होतं. दादा मान खाली घालून ऐकत होता म्हणे.

जखम भरून धाकटा घरी आला. त्यानं पोलिसांत काही सांगितलं नाही. दादाशीही बोलला नाही. दादा त्याच्या वाट्याचं सगळं काम करायचा, जेवण त्याच्यासमोर ठेवायचा आणि स्वतः बाहेर जाऊन जेवायचा.

एका सकाळी दादा गोठ्यात त्याच्यापुढे उभा राहिला आणि तोच कोयता मुठीकडून पुढे केला.

"घाल," दादा म्हणाला. "मी हलणार नाही."

मी दारात थिजले. धाकट्यानं बराच वेळ दादाच्या मानेकडे पाहिलं. मग हात पुढे केला, सवयीनं उजवाच. मूठ तळव्यात आली, उरलेली तीन बोटं तिच्यावर वळली आणि कोयता निसटून खाली पडला. त्यानं वाकून पुन्हा उचलून पाहिला. पुन्हा पडला.

"धरता येत नाही, दादा," तो म्हणाला.