तिसरा टॅपेट

छोटे मेस्त्री आता काही छोटे राहिले नव्हते. केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरू लागले होते, आणि दूरच्या शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपचे ते प्रमुख होते. पण या गल्लीत पाऊल टाकलं की ते पुन्हा छोटे मेस्त्री व्हायचे. मोठे मेस्त्री म्हणजे त्यांचे बाबा. बाबा जाऊन वर्ष उलटलं, तरी गल्लीने ती पदवी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

या खेपेला ते आईला कायमचं घेऊन जायला आले होते. एकटीने राहण्याचं तिचं वय सरलं होतं. तिलाही ते कळत होतं. ती "येते" म्हणाली, पण लगेच अट घातली.

"ह्यांच्या गाडीतून येईन. भाड्याच्या गाडीत मी बसायची नाही."

"अगं आई, बाबांच्या गाडीचं इंजिन खोललेलं आहे. सगळे तुकडे फळीवर पडलेत."

"मग बांध. मेस्त्री ना तू?"

 छोट्या मेस्त्रींनी रजा वाढवून घेतली, बाबांचा जुना डगला चढवला आणि घराला लागून असलेल्या शेडचं कुलूप काढलं. आत रॉकेल आणि जुन्या ऑइलचा वास तसाच कोंडून राहिला होता. त्या वासासरशी त्यांना एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

बाबांनी पिस्टनच्या रिंगा बदलायला म्हणून इंजिन उतरवलं होतं आणि मग अंथरूण धरलं होतं. पण पसारा म्हणून नव्हता. नटबोल्ट डब्यांत, पिस्टन फडक्यांत, आणि आठही टॅपेट, म्हणजे अंगठ्याएवढे लोखंडी तुकडे, अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेले. ट्रेच्या एका टोकाला बाबांच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं: पुढची बाजू.

ब्लॉक आणि पिस्टन जागच्या जागी बसले. आता कॅमशाफ्ट. कॅमशाफ्ट म्हणजे हातभर लांबीचा दांडा, त्यावर आठ लंबगोल उंचवटे, म्हणजे कॅम. दांडा फिरला की एकेक उंचवटा आपापल्या टॅपेटला वर ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून बाबा तो नेहमी टांगून ठेवत. भिंतीवर तो टांगलेला होताही. पंचाईत एवढीच की तिथे तीन टांगलेले होते. भंगारात निघालेल्या इंजिनातला चांगला माल बाबा फेकत नसत. आणि चिठ्ठी वगैरे बांधायची त्यांना कधी गरज पडली नव्हती, सगळं डोक्यात. ते डोकं आता नव्हतं.

नवा घ्यावा तर या गाडीचे भाग बनायचे केव्हाच बंद झाले होते. तिघांतला कुठलाही उचलून घालावा, तर तेही चालण्यासारखं नव्हतं. एकमेकांवर घासून घासून टॅपेट आणि उंचवटा यांची तोंडं जुळलेली असतात. बाबा म्हणायचे, "टॅपेटचा संसार आपल्याच कॅमशी. दुसऱ्याशी लावून दिलास तर दोघंही झुरून मरतील." चुकीचा दांडा बसला असता, तर आठवडाभरात इंजिनाची वाट लागली असती आणि आई रस्त्यात अडकली असती.

छोट्या मेस्त्रींनी तिन्ही दांडे पुसले, उजेडात धरले, मायक्रोमीटर लावला. पहिल्याचे उंचवटे किंचित जास्त उंच होते. तो मालवाहू गाडीचा, बाद. उरलेले दोन मापाला सारखे. त्यातला एक आरशासारखा गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. दुसराही तसा ठीक, पण त्याच्या तिसऱ्या उंचवट्याच्या खांद्यावर एक चमकती पट्टी होती, सतत ठोके खाल्ल्यावर उमटते तशी. कुणीतरी टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट जास्त ठेवून, म्हणजे टॅपेट वाजता ठेवून, वर्षानुवर्षं गाडी दामटली होती.

छोट्या मेस्त्रींनी नाक मुरडलं. बाबांच्या हाताखालून असलं काम जाणं शक्य नव्हतं. त्यांनी गुळगुळीत दांड्याला तेल लावायला घेतलं.

आणि तरी मनात काहीतरी टोचत राहिलं. कारण बाबांची गाडी वाजायची, हे तर जगजाहीर होतं. टक, टक, टक. आख्ख्या गावाच्या गाड्या मांजरासारख्या गुरगुरत निघायच्या बाबांच्या शेडमधून, आणि त्यांची स्वतःची मात्र टकटकत यायची. कोपऱ्यावरचा टायरवाला रोज ओरडायचा, "मेस्त्री, टॅपेट वाजतंय! चांगला मेस्त्री बघा एखादा!" बाबा हसून म्हणायचे, "वाजू दे." शाळेतली पोरं तर छोटे मेस्त्री वर्गात शिरले की बाक वाजवायची.

याच टकटकीपायी एकदा त्यांनी आगाऊपणा केला होता. नुकतेच काम शिकून आले होते, अंगात नवी रग. बाबा दुपारचे लवंडले असताना त्यांनी झाकण काढून फट जुळवून टाकली. गाडी अगदी मऊ चालायला लागली. संध्याकाळी बाबा बाहेरचं एक काम उरकून गाडीने परतले, तर समोरचं लोखंडी फाटक बंद. बाबांना हॉर्न वाजवावा लागला. आई हात पुसत धावत आली आणि ओशाळून म्हणाली, "कळलंच नाही मला." बाबांनी मुलाकडे पाहिलं. रागावले नाहीत. "हात चांगला आहे तुझा," म्हणाले, "पण या गाडीला लावू नकोस." दुसऱ्या दिवशी टकटक परत सुरू झाली.

ते वाक्य छोट्या मेस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं होतं. बाबांना आपलं काम पसंत नाही, असा अर्थ त्यांनी काढला आणि परगावची नोकरी धरली. भांडण असं नाही झालं. पण बाबांच्या शेजारी उभं राहून त्यांनी पुन्हा कधी पाना धरला नाही.

"सापडला का रे?" आई चहा घेऊन दारात उभी होती.

"सापडला. हा बघ, कसा काचेसारखा आहे. बाबांचं काम. हा दुसरा कुणा धसमुसळ्याचा. तिसऱ्या नंबरला ठोकून ठोकून पार पट्टी उमटलीय."

आईने कप खाली ठेवला. पट्टीवरून अंगठा फिरवला. आणि हसायलाच लागली, डोळ्यांना पदर लावून.

"अरे, हाच आपला. तो धसमुसळा म्हणजे तुझे बाबा."

"बाबा? बाबा फट जास्त ठेवतील?"

"मुद्दाम ठेवायचे." ती स्टुलावर टेकली. "लग्न होऊन आले तेव्हा हे दिवसभर गाड्या दुरुस्त करायला बाहेर असायचे, आणि या रस्त्याने सगळ्या अशाच गाड्या जायच्या. आवाज सारखेच. प्रत्येक गाडीला मी उठून फाटकाशी जायची, आणि गाडी पुढे निघून जायची. इथे ओळखीचं कुणी नाही, दिवस खायला उठायचा. एकदा रडले ह्यांच्यापुढे. म्हणाले, थांब, आपल्या गाडीला बोलायला शिकवतो. तेव्हापासून कोपऱ्यावर टकटक ऐकली की मी फाटक उघडायची."

 लहानपणी छोट्या मेस्त्रींना वाटायचं, बाबांची गाडी वळली की फाटक उघडंच असतं, जसा सूर्य उगवलेलाच असतो.

"पण लोक हसायचे ना गं त्यांना. इतकी वर्षं!"

"हसू देत, म्हणायचे. लोकांना काय सांगायचं, बायकोसाठी ठेवलंय म्हणून? लाजायचे रे ते."

"आणि मला?"

आईने पुन्हा त्या पट्टीवर अंगठा ठेवला. "तुला सांगावं, असं मी म्हटलं होतं. तू नोकरीवर निघालास तेव्हा. तर म्हणाले, मोठ्या वर्कशॉपात चाललाय, चांगला हात आहे त्याचा, इथल्या खुळात कशाला अडकवू."

त्यांनी ट्रेमधला तिसरा टॅपेट उचलून उजेडात धरला. दांड्यावरच्या पट्टीची जोडीदार खूण त्याच्या तोंडावर स्पष्ट होती. हे आधी बघायचं असतं, हे ते स्वतःच वर्कशॉपात सगळ्यांना दरडावून सांगायचे. त्यांना स्वतःचा रागही आला आणि रडूही आलं. रडू त्यांनी आवरलं नाही.

मग दांडा बसला, आणि आठही टॅपेट आपापल्या घरी गेले. शेवटी फिलर गेजची पट्टी घालून त्यांनी एकेक फट मोजली. तिसऱ्याशी आल्यावर हात थांबला. नियमाचं माप एक होतं, आयुष्यभर पाळलेलं. त्यांनी पट्टी खिशात घातली आणि स्क्रू बेताने सैल केला, कानाला बरं वाटेल तेवढा. मग इंजिन गाडीत चढवलं.

"एक चक्कर मारून येतो," ते म्हणाले. आईने फाटक उघडून गाडी बाहेर काढू दिली, लावून घेतलं आणि ती खिडक्या बंद करायला आत गेली.

टकटकत गाडी मोठ्या रस्त्याला लागली, बाजाराला वळसा घालून परत कोपऱ्यावर आली. टायरवाला आता म्हातारा झाला होता, दुकान त्याचा मुलगा बघायचा. पण आवाज ऐकून तो खुर्चीतून अर्धवट उठला. "मेस्त्री!" त्याने हाक मारली. छोटे नाही, नुसतं मेस्त्री. "टॅपेट वाजतंय!"

"वाजू दे!"

गाडी वळली. फाटक सताड उघडं होतं. आई बाजूला उभी होती, केस नीट विंचरलेले, एक हात फाटकाच्या गजावर. चेहरा मात्र लग्न होऊन आलेल्या मुलीसारखा लाजलेला.

सामान चढलं, घराला कुलूप लागलं. ती पुढच्या सीटवर बसली. गाडी रस्त्यावर निघताच तिने सवयीने उतरायला दाराकडे हात नेला. "फाटक राहिलं."

"तू बस," म्हणून ते उतरले.

फाटक चांगलंच जड होतं. बिजागरी खचलेली, त्यामुळे ते खांद्याने उचलून धरल्याशिवाय कडी लागत नव्हती. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. या घरातल्या कुणा पुरुषाला ते आजवर कधी लावावंच लागलं नव्हतं.